पाहुणे म्हणून बोलावलं, त्याला साठ वर्षं होऊन गेली

ऑक्टोबर 2025 मध्ये जर्मनीचे चान्सलर फ्रीडरिश मेर्त्स यांनी स्थलांतरितांविषयी बोलताना एक शब्द वापरला आणि त्यावरून देशभर वाद पेटला. शब्द होता ‘श्टाटबिल्ड’, म्हणजे शहर डोळ्यांना जसं दिसतं ते. बाहेरून येणाऱ्यांची संख्या आम्ही कमी केली, पण शहराच्या चेहऱ्यात ही अडचण अजून दिसतेच, अशा आशयाचं ते बोलले. नेमकं काय म्हणायचं आहे, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, आपापल्या मुलींना विचारा. पुढे खुलासाही आला: रोख फक्त राहण्याचा परवाना नसलेल्या, काम न करणाऱ्या आणि नियम न पाळणाऱ्या लोकांवर होता. खुलासा ठीक आहे. पण रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडे पाहून त्याच्या खिशात परवाना आहे की नाही, हे कुणाला कळतं? दिसतो तो चेहरा, केसांचा रंग आणि डोक्यावरचा रुमाल. म्हणजे जिचे आजोबा जर्मन सरकारनेच बोलावलेले, जिचा बाप तिथंच शिकला, जी स्वतः तिथं डॉक्टर आहे किंवा शिक्षिका आहे, तीसुद्धा त्या ‘दृश्यात’ आलीच.

याच्या दीड वर्ष आधी, एप्रिल 2024 मध्ये, जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर तुर्कस्तानच्या दौऱ्यावर गेले होते. सोबत विमानातून काय नेलं, तर साठ किलोचा डोनर कबाब आणि तो कापायला बर्लिनचा एक तुर्की वंशाचा दुकानदार. इस्तंबूलमध्ये राष्ट्राध्यक्षांनी स्वतः सुरी हातात घेऊन मांस कापलं. हेतू चांगला होता, तुर्कांनी जर्मनीला काय दिलं त्याची आठवण ठेवायची होती. पण जर्मनीत राहणाऱ्या अनेक तुर्कांनाच ते लागलं. साठ वर्षांत आम्ही तुम्हाला कबाबच दिला का, असा त्यांचा सवाल होता. एका नेत्याला आपण रस्त्यावर खटकतो आणि दुसऱ्याला आपली आठवण कबाबाने होते, या दोन टोकांच्या मध्ये तिथले सुमारे तीस लाख तुर्की वंशाचे लोक राहतात. हॉलंड, फ्रान्स, ऑस्ट्रिया, बेल्जियम, स्वीडन इथले वेगळे.

आपल्याकडे या लोकांविषयी फार थोडं लिहिलं जातं. आम्हाला तुर्क माहीत आहेत ते खिलाफत चळवळीतून, नाहीतर अलीकडे घराघरांत पाहिल्या गेलेल्या एर्तुगरुलच्या मालिकेतून. घोडे, तलवारी, तंबू. युरोपातला खरा तुर्क मात्र हातात सूटकेस घेऊन रेल्वेच्या फलाटावर उतरला होता.

30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात करार झाला. महायुद्धातून उठलेल्या जर्मनीत कारखाने धडधडत होते आणि माणसं कमी पडत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारे कामगारही थांबले. तुर्कस्तानात नेमकं उलट: खेड्यात माणसं भरपूर, काम नाही. इस्तंबूलमध्ये जर्मन सरकारने भरती कार्यालय उघडलं. तिथं माणसांना रांगेत उभं करून दात, फुप्फुसं, लघवी सगळं तपासलं जाई. अंगावर शाईने नंबर टाकलेल्या त्या माणसांचे फोटो आजही पाहायला मिळतात. पास झाला त्याला सिरकेजी स्टेशनवरून गाडी. दोन-तीन दिवसांनी म्युनिकचा अकरा नंबरचा फलाट. फलाटाखाली युद्धकाळातलं एक जुनं तळघर होतं, तिथं माणसांची वाटणी होई: हे कोलोनला मोटारीच्या कारखान्यात, हे रूरच्या कोळसा खाणीत. बायकाही होत्या, नाजूक बोटांचं काम म्हणून त्यांना रेडिओ-टेलिफोनच्या कारखान्यांत घेत.

या माणसांना जर्मन भाषेत नाव मिळालं ‘गास्टआर्बायटर’, पाहुणा कामगार. तुर्की भाषेतला शब्द आणखी बोलका आहे: ‘मिसाफिर इश्ची’. मिसाफिर म्हणजे आपला मुसाफिरच. अरबीतून निघालेला शब्द, आपल्याकडे आला तेव्हा प्रवासी राहिला, तुर्कीत गेला तेव्हा पाहुणा झाला. तुर्कांना दोन्ही अर्थ लागू पडले. तसाच दुसरा शब्द ‘गुर्बेत’. आपण गुरबत म्हणतो ते गरिबीला. तुर्कांसाठी गुर्बेत म्हणजे परमुलूख, आणि परदेशी राहणाऱ्या माणसाला तिकडे ‘गुर्बेतची’ म्हणतात. आपल्या अर्थातली गुरबत सोडण्यासाठी ते त्यांच्या अर्थातल्या गुर्बेतमध्ये गेले.

ठरलं होतं असं की दोन वर्षं काम करायचं आणि परत जायचं. मग दुसरी तुकडी. ही कल्पना सर्वात आधी कुणाला नको झाली, तर जर्मन कारखानदारांना. शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी घालवायचा आणि पुन्हा नव्याला शिकवत बसायचं, हे त्यांना परवडेना. 1964 मध्ये दोन वर्षांची अट निघाली. म्हणजे माणसं राहिली ती हट्टाने राहिली नाहीत, मालकांना हवी होती म्हणून राहिली. आज ‘हे लोक गेलेच नाहीत’ असं म्हणणाऱ्यांना हे आठवत नाही.

रत्नागिरी, रायगडकडच्या आपल्या घरांना ही गोष्ट सांगावी लागणार नाही. गल्फला गेलेला माणूस, दोन वर्षांनी सुट्टी, कॅसेटवर पाठवलेला आवाज, बापाला न ओळखणारं पोर. सुरुवात अगदी सारखी आहे. पण गल्फमध्ये तीस वर्षं काढली तरी इकामा संपला की माणूस परत येतो, आणि बहुतेक कुटुंबं इथंच राहतात. जर्मनीत कामगार संघटना होत्या, न्यायालयं होती, बायकापोरांना आणण्याचा हक्क होता. म्हणून तिथला पाहुणा हळूहळू रहिवासी झाला. कायदा मात्र त्याला पाहुणाच मानत राहिला, आणि सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते.

1973 च्या ऑगस्टमध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांनी संप केला. वर्षाची सुट्टी काढून अनातोलियातल्या गावी मोटारीने जायचं-यायचं, हजारो किलोमीटरचा रस्ता, त्यामुळे काही जण उशिरा परतले. सुमारे तीनशे जणांना काढून टाकलं. त्यांना परत घ्या, तासाला एक मार्क वाढवा, यंत्राचा पट्टा जरा हळू चालवा, अशा मागण्या होत्या. जर्मन कामगारांची साथ टिकली नाही आणि आठवडाभरात संप मोडला. नोव्हेंबरमध्ये तेलाच्या संकटाचं निमित्त झालं आणि सरकारने नवी भरतीच बंद केली. अपेक्षा होती की आता तुर्क कमी होतील. झालं उलटंच. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर लोक जायचे थांबले आणि त्यांनी बायकापोरांना बोलावून घेतलं. दरवाजा बंद केल्यामुळे आतली माणसं कायमची झाली.

1983 मध्ये सरकारने पैसे देऊन पाहिले. बेकार झालेल्या परदेशी कामगाराने कुटुंबासह देश सोडला तर साडेदहा हजार मार्क, वर दर मुलामागे दीड हजार. लाखो लोक गेलेही. पण ज्या पोरांचं सगळं लहानपण जर्मनीत गेलं होतं, ती तुर्कस्तानच्या शाळेत बसली तेव्हा त्यांची तुर्की ऐकून वर्ग हसायचा. तिकडे त्यांना ‘अल्मांजी’ म्हणत, म्हणजे जर्मनीवाला. शब्दात थोडा हेवा, थोडी टिंगल. जर्मनीत तुर्क आणि तुर्कस्तानात जर्मन.

या लोकांची मुळं देशात कमी आणि तालुक्यात जास्त असतात. ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात भेटणारा तुर्क बहुधा अफ्योन प्रांतातल्या एमिरदाग तालुक्याचा निघतो. स्टॉकहोममधला कोन्याजवळच्या कुलूचा. कुलूत तर स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्या नावाचं उद्यान आहे. एक भाऊ गेला, त्याने मेहुण्याला नेलं, मेहुण्याने चुलत भावाला. सोयरीकही तिथंच. त्यामुळे ‘तुर्की ओळख’ म्हणून युरोपला जे दिसतं, त्यातलं बरंचसं गावाकडचं असतं. त्यात सुन्नी आहेत, अलेवी आहेत, कुर्द आहेत, आणि 1980 च्या लष्करी उठावानंतर पळून आलेले डावेही आहेत. अलेवी समाजाचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. जर्मनीतल्या अनेक राज्यांत त्यांच्या मुलांना सरकारी शाळेत अलेवी धर्मशिक्षण मिळतं. तुर्कस्तानात त्यांच्या ‘जेमएवी’ला, म्हणजे प्रार्थनाघराला, मस्जिदीसारखा दर्जा मिळवण्यासाठी झगडावं लागत आहे. सगळे तुर्क एक आणि सगळ्यांचं म्हणणं एक, असं तिथल्या वर्तमानपत्रांनी मानलं, आणि आपणही मानतो.

शाळेचा मुद्दा आम्हाला सर्वात मोठा वाटतो, आणि त्याच्यावर सर्वात कमी ओरड होते. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे साधारण दहाव्या वर्षी, मुलांची वाटणी होते. काही गिम्नाझियममध्ये जातात, तिथून विद्यापीठ. काही मधल्या शाळेत. उरलेली पूर्वी हाउप्टशूलेत जात, तिथून हातकाम. शिक्षकाची शिफारस यात फार महत्त्वाची. घरी जर्मन न बोलणारं, आईबाप कारखान्यात पाळी करणारं पोर दहाव्या वर्षी वर्गात मागे असणारच. अशी पिढीच्या पिढी खालच्या शाळेत गेली, आणि मग तिलाच विचारलं गेलं की तुमची प्रगती का होत नाही.

उगुर शाहीन यांची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. कोविडची लस तयार करणाऱ्या मेन्झच्या बायोएनटेकचे संस्थापक. सोबत पत्नी ओझलेम तुरेजी, त्याही तुर्की वंशाच्या, इस्तंबूलहून आलेल्या डॉक्टरांची मुलगी. शाहीन चार वर्षांचे असताना इस्केंदेरुनहून कोलोनला आले. वडील त्याच फोर्डच्या कारखान्यात कामाला. या मुलालाही शिक्षकाने हाउप्टशूलेची शिफारस केली होती. शेजारच्या एका जर्मन माणसाने मध्ये पडून सांगितलं म्हणून ते गिम्नाझियममध्ये गेले. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये लसीची बातमी आली तेव्हा जर्मन वृत्तपत्रांनी ‘स्थलांतरितांची मुलं’ म्हणून कौतुकाचा वर्षाव केला. आम्हाला मात्र तो शेजारी आठवतो. तो नसता तर? आणि ज्यांच्या शेजारी असा कुणी नव्हता, त्यांचं काय झालं?

नागरिकत्वाचा कायदाही तसाच. 1913 पासून जर्मनीत रक्ताचा नियम होता: बाप जर्मन तर मूल जर्मन, पुढे आई जर्मन असली तरी. जन्म कुठं झाला याला किंमत नाही. त्यामुळे म्युनिकमध्ये जन्मलेला, म्युनिकमध्ये शिकलेला मुलगा कागदोपत्री परदेशी. हा नियम 1 जानेवारी 2000 रोजी बदलला. पण त्याआधी 1999 च्या हिवाळ्यात हेसे राज्याच्या निवडणुकीत दुहेरी नागरिकत्वाविरुद्ध चौकाचौकात सह्या गोळा झाल्या, विरोधी पक्षाने त्यावर निवडणूक जिंकली आणि कायदा पातळ करावा लागला. जन्माने नागरिकत्व मिळालेल्या मुलांना 23 व्या वर्षापर्यंत एक निवडा, असं सांगितलं गेलं. युरोपीय संघातल्या माणसाला ही सक्ती नव्हती. इटलीच्या कामगाराचा नातू दोन पासपोर्ट ठेवू शके, तुर्काच्या नातवाला एक सोडावा लागे. 2014 मध्ये तिथंच वाढलेल्यांसाठी ती अट गेली, आणि 27 जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्व सर्वांना खुलं झालं. आठ वर्षांच्या वास्तव्याची अट पाचवर आली. एक गोष्ट विशेष नोंदवायला हवी: पाहुणा कामगार म्हणून आलेल्या पहिल्या पिढीला लेखी परीक्षा माफ झाली, रोजच्या व्यवहारापुरतं बोलता येणं पुरेसं ठरलं. सत्तरी-ऐंशीच्या म्हाताऱ्यांना मिळालेली ही सवलत म्हणजे उशिरा दिलेली कबुलीच. त्यांना भाषा शिकवायची कुणी व्यवस्थाच केली नव्हती, कारण ते जाणार होते.

2024 मध्ये नागरिकत्व घेणाऱ्या तुर्कांची संख्या आदल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त झाली, बावीस हजारांच्या वर. साठ वर्षं ‘हे लोक आमच्यात मिसळायलाच तयार नाहीत’ म्हणणाऱ्यांनी या आकड्याकडे पाहायला हवं. अडसर काढला तशी माणसं पुढे आली. (आपल्या देशातही दुहेरी नागरिकत्व नाही, परदेशी गेलेल्यांना ओसीआय कार्डावर भागवावं लागतं. तुर्कस्तानचंही तसंच एक निळं कार्ड आहे. पासपोर्ट परत करताना माणसाच्या पोटात काय होतं, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक असेल.) मेर्त्स यांच्या सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये तीन वर्षांत नागरिकत्व देणारी जलद वाट बंद केली. दुहेरी नागरिकत्वाला अजून हात लागलेला नाही. पण फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत उजव्या टोकाचा एएफडी पक्ष वीस टक्क्यांहून जास्त मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला आहे, त्यामुळे लोक कागदपत्रं करण्याची घाई करत असतील तर नवल नाही.

आता जिवाचा प्रश्न. 23 नोव्हेंबर 1992 रोजी म्योल्न गावात तुर्कांच्या घरांवर पेटते बॉम्ब टाकले गेले. एक आजी आणि दोन मुली गेल्या. 29 मे 1993 रोजी झोलिंगेनमध्ये गेन्च कुटुंबाचं घर पेटवलं. पाच जणी गेल्या, सगळ्यात लहान चार वर्षांची. हे जगाने पाहिलं, जर्मनीत लाखो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. त्यानंतरची गोष्ट जास्त भयंकर आहे, कारण ती कुणी पाहिलीच नाही.

2000 ते 2006 या काळात जर्मनीतल्या वेगवेगळ्या शहरांत नऊ छोट्या दुकानदार-कामगारांना एकाच पिस्तुलाने मारलं गेलं. आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक. पहिले एन्वर शिमशेक, फुलांचे व्यापारी, न्यूरेम्बर्गजवळ रस्त्याकडेला फुलं विकत असताना. पोलिसांनी काय केलं, तर घरच्यांनाच संशयित ठरवलं. अमली पदार्थ असतील, माफिया असेल, बाहेर बाई असेल. विधवेला एका परक्या बाईचा फोटो दाखवून ही तुझ्या नवऱ्याची दुसरी बायको, असं खोटं सांगून पाहिलं. वर्तमानपत्रांनी या खुनांना नाव दिलं ‘डोनर खून’. 2004 मध्ये कोलोनच्या तुर्की बाजारपेठेत, कॉयपश्ट्रासवर, खिळ्यांचा बॉम्ब फुटला, बावीस जण जखमी झाले. तिथंही तपास दुकानदारांभोवतीच फिरला.

नववा बळी 2006 च्या एप्रिलमध्ये कासेलमध्ये पडला. वय 21, जन्म तिथलाच, इंटरनेट कॅफे चालवायचा. पुढच्याच महिन्यात मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांनी कासेलमध्ये मोर्चा काढला. हजारो लोक आले, जवळजवळ सगळे तुर्कच. फलकावर लिहिलं होतं, दहावा बळी नको. म्हणजे हे खून एकाच हाताचे आहेत, द्वेषातून होत आहेत, हे त्या कुटुंबांना कळलं होतं. पोलिसांना, गुप्तचर खात्याला आणि पत्रकारांना ते 2011 च्या नोव्हेंबरपर्यंत कळलं नाही. तेव्हा दोन नवनाझी बँक लुटून पळताना मेले आणि त्यांच्या टोळीचा भांडाफोड झाला. 2012 मध्ये चान्सलर मेर्केल यांनी कुटुंबांची जाहीर माफी मागितली. माफी मागितली हेही मान्य करायला हवं, सगळीकडे तेवढंही होत नाही. पण अकरा वर्षं त्या घरातल्या पोरांनी शाळेत, शेजारात, नातेवाइकांत ‘बाप माफिया होता’ हे ऐकलं. एकरूप व्हा, असं या पोरांना सांगायचं तर कशाशी एकरूप व्हा म्हणून सांगायचं?

इथपर्यंत दोष युरोपचा. पण तुर्कस्तानच्या सरकारांनीही या लोकांना आपल्या कामासाठी धरून ठेवलं, हे लिहिलं नाही तर लेख खोटा होईल. आधी त्यांनी पाठवलेले मार्क हवे होते, पुढे त्यांची मतं. 1984 मध्ये कोलोनला डिटिब ही संस्था स्थापन झाली. आज तिच्याकडे सुमारे नऊशे मस्जिदी आहेत. इमाम तुर्कस्तानच्या धर्मखात्याकडून येत, पगार तिकडून, काही वर्षांनी बदली. चांगलं काम केलं त्यांनी, यात शंका नाही. जर्मन राज्य या लोकांच्या दीनकडे ढुंकूनही पाहत नव्हतं तेव्हा नमाजची जागा, मुलांना कुरआन, मयतीची व्यवस्था त्यांनीच पाहिली. पण जुम्याचा खुत्बा जर्मन न येणारा इमाम देतो आणि समोर बसलेल्या सतरा वर्षांच्या पोराला तुर्की अर्धीच कळते, तेव्हा त्या पोराच्या प्रश्नांना उत्तर कोण देणार? ते पोर मग मोबाइलवर उत्तर शोधतं, आणि तिथं कोण बसलेलं असतं ते आपल्याला इथंही माहीत आहे. डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सरकारांत ठरलं की तुर्कस्तानातून इमाम पाठवणं टप्प्याटप्प्याने थांबेल आणि दरवर्षी शंभर इमाम जर्मनीतच तयार होतील. तीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. दोन्ही बाजूंना ते नको होतं, एकीला खर्च नको होता आणि दुसरीला लगाम सोडायचा नव्हता.

एर्दोगान यांनी 2008 मध्ये कोलोनच्या भरलेल्या सभागृहात सांगितलं होतं की माणसाला त्याची ओळख पुसायला लावणं हा मानवतेविरुद्ध गुन्हा आहे. जर्मन नेते चिडले. तुर्कांच्या मनाला ते वाक्य का भिडलं, हे समजायला बल्गेरियाकडे पाहावं लागेल. तिथले तुर्क कामगार म्हणून आलेले नाहीत, उस्मानी काळापासूनचे रहिवासी आहेत. 1984-85 च्या हिवाळ्यात तिथल्या कम्युनिस्ट सरकारने त्यांची नावंच बदलली. मुहम्मद, अहमद, आयशा असली नावं रद्द, स्लाव नावं सक्तीची, रस्त्यात तुर्की बोलायला बंदी. वेटलिफ्टर नईम सुलेमानोग्लू याचं नाव नाउम शालामानोव करून टाकलं. तो 1986 मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेतून निसटला आणि 1988 मध्ये सोलला तुर्कस्तानसाठी सोनं जिंकला, स्वतःच्या नावाने. 1989 च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक माणसं बल्गेरिया सोडून गेली. जर्मनीने असं काही केलेलं नाही. पण ‘आमच्यासारखे व्हा’ हे शब्द तुर्काच्या कानावर पडतात तेव्हा हा आठवणींचा साठाही सोबत असतो.

एर्दोगान यांचं वाक्य बरोबर होतं. पण ते घरी कुर्दांच्या बाबतीत तितक्याच ठामपणे आठवलं जातं का, असं एखाद्या दियारबाकिरच्या माणसाने विचारलं तर काय उत्तर द्यायचं, हे आम्हाला सुचत नाही.

मतांचा हिशेबही नीट पाहायला हवा. 2014 पासून परदेशी तुर्कांना तिथंच मतदान करता येतं. 2017 च्या सार्वमतात जर्मनीत मतदान करणाऱ्यांपैकी 63 टक्क्यांनी राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवायला होकार दिला. युरोपभर बोंब झाली: लोकशाहीत राहून हे लोक एकाधिकाराला मत देतात. 63 टक्के ऐकायला मोठे वाटतात. पण मतदान निम्म्याहूनही कमी झालं होतं. होकार देणारे प्रत्यक्षात चार लाखांच्या थोडे वर, म्हणजे तीस लाखांत सातातला एक. शिवाय ब्रिटनमधल्या तुर्कांत होकार जेमतेम 20 टक्के होता आणि स्वित्झर्लंडमध्ये 38. फरक कुठून आला? जर्मनी, ऑस्ट्रिया, हॉलंडने अनातोलियातल्या धार्मिक खेड्यांतून मजूर नेले. ब्रिटनकडे गेले ते जास्त करून कुर्द, निर्वासित, विद्यार्थी. म्हणजे ज्या शेतातून बी उचललं तेच पीक आलं.

तरीही आम्हाला वाटतं की या मतांत एक तक्रार दडलेली आहे. ज्या देशात टॅक्स भरतो तिथं मत नाही, आणि ज्या देशात राहत नाही तिथं मत आहे, अशी अवस्था लाखोंची होती. जो नेता येऊन ‘तुम्ही आमचे’ म्हणतो, त्याला टाळ्या पडणारच.

फुटबॉलपटू मेसुत ओझिलने हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात दाखवलं. गेल्झेनकिर्शेन या खाणींच्या गावात जन्म, 2014 चा विश्वविजेता. 2018 च्या मे महिन्यात त्याने आणि इल्काय गुंदोआनने लंडनमध्ये एर्दोगान यांच्यासोबत फोटो काढला. त्या वर्षी जर्मनी विश्वचषकात पहिल्याच फेरीत बाहेर पडली आणि राग ओझिलवर निघाला. जुलैमध्ये त्याने राष्ट्रीय संघ सोडला. जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की स्थलांतरित, असं त्याने लिहिलं. आम्हाला त्याचं दुःख पटतं, फोटो काढणं शहाणपणाचं होतं असं मात्र वाटत नाही. निवडणुकीच्या तोंडावर नेत्याला शर्ट भेट देणं हे कुठल्याही देशात राजकारणच असतं. गुंदोआनला प्रेक्षकांनी हूटिंग केलं, तो खेळत राहिला, आणि 2024 ची युरो स्पर्धा जर्मनीत झाली तेव्हा तोच जर्मनीचा कर्णधार होता. एकच फोटो, दोन वाटा. कुणी शहाणा आणि कुणी वेडा, असा निकाल आम्ही देणार नाही. एवढंच दिसतं की थोमास किंवा मान्युएल नावाच्या खेळाडूला असली परीक्षा द्यावी लागत नाही.

आणि तरी माणसं रुजली आहेत. 1994 मध्ये जेम ओझदेमिर संसदेत गेले, 2021 मध्ये केंद्रात मंत्री झाले. बाडेन-वुर्टेम्बर्ग विधिमंडळाच्या अध्यक्षपदी 2016 मध्ये मुहतेरेम आरास बसल्या. शिक्षिकांच्या डोक्यावरच्या रुमालावर सरसकट बंदी चालणार नाही, असं घटनात्मक न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं. ऑक्टोबर 2022 मध्ये कोलोनच्या मोठ्या मस्जिदीतून पहिल्यांदा जुम्याची अजान लाउडस्पीकरवर झाली, पाच मिनिटांच्या मर्यादेत, ठरलेल्या आवाजात. कुणाला हे थोडं वाटेल. फलाटाखालच्या तळघरात उतरलेल्या माणसाला विचारायला हवं.

माणूस कुठला, हे त्याच्या कबरीवरून कळतं असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणत. बर्लिनमध्ये शेहितलिक नावाचं कबरस्तान आहे. तिथं 1798 मध्ये वारलेले उस्मानी राजदूत अली अझीझ एफेंदी यांची कबर आहे. म्हणजे तुर्क जर्मनीच्या मातीत सव्वादोनशे वर्षांपासून आहेत. पण पाहुण्या कामगारांची पिढी तिथं दफन व्हायला तयार नव्हती. मस्जिदींनी मयत निधी काढले, वर्षाला ठराविक वर्गणी, आणि माणूस गेला की पेटी विमानाने थेट गावी. यात वतनाची ओढ होतीच, पण कायद्याचीही अडचण होती. नुसत्या कफनात दफन करायला अनेक राज्यांत परवानगी नव्हती, शवपेटीची सक्ती होती. आणि कबरीची जागा वीस-पंचवीस वर्षांच्या भाड्याने, मुदत संपली की नूतनीकरण करा नाहीतर जागा दुसऱ्याला. पेटीची अट आता बऱ्याच राज्यांनी काढली आहे. शहरांच्या कबरस्तानांत मुसलमानांसाठी किब्ल्याकडे तोंड केलेले भाग वाढत आहेत. नातवंडं म्हणतात, आजोबा, तुम्ही तिकडे गेलात तर फातिहा पढायला आम्ही वर्षातून एकदा तरी येऊ का?

फेब्रुवारी 2020 मध्ये हनाऊत एका वंशद्वेष्ट्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. त्यातल्या काहींना घरच्यांनी हनाऊच्याच कबरस्तानात दफन केलं. आमचं पोर या शहराचं होतं, इथंच राहील, असं ठरवून.

झोलिंगेनच्या मेव्लुदे गेन्च यांनी 1993 च्या त्या रात्री दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गमावली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून सूडाची भाषा आली असती तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी मैत्रीची भाषा केली आणि ती आयुष्यभर सोडली नाही. त्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं, झोलिंगेन सोडलं नाही, 2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या सभेत त्यांनी मतदान केलं. राज्य सरकारने त्यांच्या नावाने पदक सुरू केलं. 30 ऑक्टोबर 2022 रोजी त्या वारल्या, भरतीच्या कराराला त्याच दिवशी 61 वर्षं पूर्ण झाली होती. त्यांचा जनाजा अमास्या प्रांतातल्या मेर्जिमेक गावी नेला आणि मुली-नातींच्या शेजारी त्यांना दफन केलं.